धातुशोधक यंत्राचा ध्वनी, दृश्यांक आणि इतिहासाचे साधन : नीरा नरसिंहपूर संगमाच्या संदर्भात

पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, इंदापूर तालुक्यात, नीरा नदी भीमेला मिळते. या संगमावरील नरसिंहपूर हे लक्ष्मी-नृसिंहाचे क्षेत्र अनेक घराण्यांचे कुलदैवत असून तेथील देवालयाशी विंचूरकर सरदारांचे नाव जोडलेले आहे. तीर्थाच्या ठिकाणी नदीत नाणे सोडण्याची रीत महाराष्ट्रात सर्वत्र आढळते. संगमाजवळचा गाळ हे त्या दृष्टीने भाविकांच्या ये-जा करण्याचे एक अलिखित दप्तरच होय. हे दप्तर धातुशोधक यंत्राने वाचता येईल काय, आणि वाचल्यास त्यात काय निसटेल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

या यंत्राचा आरंभ कानाने ऐकण्यापासून झाला. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळीबार झाला. शरीरात रुतलेली गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी डेव्हिड ह्यूज यांच्या प्रवर्तन-तुलेवर आधारलेले उपकरण सिद्ध केले. धातू जवळ येताच दूरध्वनीच्या श्रवणीत गुणगुण ऐकू येई. तथापि गादीतील पोलादी स्प्रिंगांचा ध्वनी त्यात मिसळला. शिवाय डॉक्टरांनी शोध शरीराच्या उजव्या बाजूपुरताच होऊ दिला. १९ सप्टेंबरला गारफिल्ड मरण पावले व शवविच्छेदनात गोळी डाव्या बाजूस सापडली. यंत्र बोलत होते. पण ते कशाविषयी बोलते आहे, हे कळण्याची सोय नव्हती.

ती सोय बऱ्याच उशिरा आली. दुसऱ्या महायुद्धात पोलिश अधिकारी कोसात्स्की यांच्या सुरुंगशोधकाला धातू आहे एवढेच सांगावयाचे होते, आणि तेवढे पुरेसेही होते. १९७० नंतर छंद म्हणून नाणी शोधणाऱ्यांसाठी निघालेल्या अल्प वारंवारतेच्या यंत्रांनी धातूंत भेद करण्यास सुरुवात केली. शोधकुंडलीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे जमिनीतील धातूत आवर्त-प्रवाह निर्माण होतात व त्यांचा प्रतिसाद किंचित विलंबाने परत येतो. लोखंडाचा विलंब वेगळा, तांब्या-चांदीचा वेगळा. या विलंबालाच यंत्र स्वराचे रूप देते : लोखंडास खर्ज, पातळ पत्र्यास मध्यम, तांबे व चांदी यांस तार स्वर. पुढे पडद्यावर अंकही उमटू लागले. अनेक यंत्रांत ते ० ते ९९ असतात. हा अंक धातूचे नाव मात्र सांगत नाही. वाहकता, आकार, जाडी व मातीतील स्थिती या सर्वांचा तो एकत्रित परिणाम असतो. सोन्याचा लहानसा होन आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा तुकडा यांचे अंक सहज एक येऊ शकतात.

नरसिंहपुरासारख्या ठिकाणी याचे परिणाम मोठे चमत्कारिक होतात. शिवराई तांब्याची, तिचा स्वर उंच येईल. अलीकडचे रुपयाचे नाणे चुंबकीय पोलादाचे असल्याने ते खिळ्यांच्या रांगेत जाऊन बसेल. सातवाहनांची शिशाची व पोटीनची नाणी, जी पश्चिम महाराष्ट्रात विपुल मिळतात, ती अल्प वाहकतेमुळे मधल्या पट्ट्यात येतील. आणि हाच पट्टा छंदी शोधक कचरा समजून बंद ठेवतो! ज्याला यंत्राच्या भाषेत ‘भेद’ म्हणतात तो वस्तुतः अमेरिकेतील उद्यानांत चांदीची नाणी शोधणाऱ्याचा मूल्यनिर्णय आहे. त्याने वगळलेले लोखंड हे तर इतिहासकाराचे महत्त्वाचे साधन : नावेचे खिळे, बाणाची टोके, नांगराचा फाळ. विदर्भातील महापाषाणयुगीन समाजाचे चित्र मुख्यतः लोखंडावरच उभे आहे. त्यात दख्खनच्या बेसाल्टपासून झालेली माती स्वतःच चुंबकीय खनिजांनी भरलेली असल्याने, भूमी-संतुलन न साधल्यास यंत्र मातीलाच धातू समजते आणि खोलवरच्या वस्तूचा अंक डळमळतो.

याहून मोठी अडचण उत्खननाची आहे. १९७४ मध्ये प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे झाडाचे बुंधे खणताना रथ, हत्ती, गेंडा व म्हैस अशा चार कांस्यमूर्ती मिळाल्या. त्यांचे एकत्रित वजन ६० किलोहून अधिक आहे. तेथे यंत्र नव्हते. परंतु मूर्ती शास्त्रशुद्ध उत्खननातील थरांतून न आल्यामुळे त्यांच्या काळाविषयी विद्वानांत वाद झाला. स्वर ऐकून खणणाऱ्याच्या हातून असेच घडते : वस्तू हाती येते, थर नाहीसा होतो.

याउलट अमेरिकेत लिटल बिगहॉर्न येथील १८७६ च्या रणभूमीवर १९८४ मध्ये डग्लस स्कॉट यांनी स्वयंसेवकांच्या हाती हीच यंत्रे दिली. प्रत्येक स्वराच्या जागी निशाण रोवले, प्रत्येक वस्तूचे स्थान मोजले, आणि गोळ्या व काडतुसांच्या विखुरण्यावरून सैनिकांची हालचाल मांडली. भारतात जमिनीतून निघालेली दहा रुपयांहून अधिक किमतीची पुरलेली मौल्यवान वस्तू १८७८ च्या निखात-निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांस कळवावी लागते, तर संरक्षित स्थळी उत्खननास पुरातत्त्व खात्याचा परवाना लागतो. संगमावर अशी पाहणी परवानगीने करावयाची झाल्यास भेद बंद ठेवून सर्व धातू ऐकावेत. स्वर, अंक, अंदाजित खोली आणि पुरापासूनचे अंतर जागेवरच नोंदवावे. आणि लोखंडाच्या प्रत्येक खर्जालाही तेवढेच निशाण द्यावे.