कौलप्रसादाचा माग

कोकणातल्या आचऱ्याच्या रामेश्वराने कौल दिला की अख्खा गाव उठतो. दर तीन-चार वर्षांनी येणाऱ्या या गावपळणीत माणसे गुरे, कोंबड्या, कुत्री घेऊन वेशीबाहेर पडतात आणि राहुट्या घालून तीन दिवस, तीन रात्री तिथेच राहतात. चौथ्या दिवशी पुन्हा कौल लावतात. देवाने होकार दिला तरच घरांची दारे उघडायची, नाहीतर मुक्काम वाढवायचा. शेजारच्या चिंदर आणि वायंगणीतही गावपळण आहे.

कौल लावायचा म्हणजे गुरव देवाच्या पाषाणाला पाण्याने भिजवलेल्या पाकळ्या किंवा तांदळाचे दाणे चिकटवतो. मानकरी गाऱ्हाणे घालून प्रश्न मांडतो, जमलेले 'व्हय म्हाराजा' म्हणत त्याला दुजोरा देतात आणि सगळ्यांची नजर पाषाणावर खिळते. उजवी पाकळी सुटली की होकार, डावी सुटली की नकार. लग्न, जमिनीचा वाद, हरवलेले जनावर, देवळाचा जीर्णोद्धार, असा कोणताही प्रश्न देवापुढे ठेवता येतो. तेरेखोल नदीच्या पलीकडे गोव्यात याच रिवाजाला 'प्रसाद घेणे' म्हणतात. आपल्याकडे दोन्ही शब्द जोडून 'कौलप्रसाद' झाला. प्रसाद संस्कृतातला, मूळ अर्थ प्रसन्नता. कौल अरबीतला, अर्थ शब्द, वचन. देवाची कृपा सांगायला दोन्हींची गरज का पडली, हे समजून घ्यायला देवळातून दफ्तरात जावे लागते.

आदिलशाहीत आणि मराठेशाहीत कौल हा सरकारी कागद होता. युद्धाने किंवा दुष्काळाने परागंदा झालेल्या रयतेला 'परत या, त्रास होणार नाही' असा कौल दिला जाई. पडीक जमीन लागवडीला आणणाऱ्याला इस्ताव्याचा कौल मिळे: पहिल्या वर्षी नाममात्र सारा, मग दरसाल थोडा चढत पूर्ण दरापर्यंत. शिवाजी महाराजांनी 1676 मध्ये प्रभावळीचा सुभेदार रामजी अनंत याला लिहिलेले पत्र याच वृत्तीचे आहे. ज्या कुळाकडे बैल नाही त्याला बैल द्यावा, खायला दाणे नसतील तर दाणे द्यावेत, आणि वसुली करताना वाढीदिढी न लावता नुसते मुद्दल, तेही ऐपत येईल तसे घ्यावे, अशी त्यात आज्ञा आहे. मी ते पत्र जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा त्यातल्या मायेपेक्षा व्यवहाराची सचोटी मला जास्त भिडते. कृपा केली, पण ती शब्दात बांधून, दोन्ही बाजूंना पाळता येईल अशी केली.

माझ्या मते गावऱ्हाटीने, म्हणजे गावाच्या परंपरागत व्यवस्थेने, नेमके हेच देवापाशी मागितले. आचऱ्याचा देव तर 'इनामदार श्री देव रामेश्वर' म्हणूनच ओळखला जातो. ज्याच्याकडे इनाम आहे, त्याने रयतेला कौलही द्यावा, हे ओघाने आलेच. देव नुसता प्रसन्न असून भागत नव्हते, त्याने शब्द द्यायला हवा होता.

याच किनाऱ्यावर कृपेचा आणखी एक प्रवाह येऊन मिळाला. इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात आले आणि साष्टीत राहून मराठीत ओव्या रचू लागले. त्यांचे 'क्रिस्तपुराण' 1616 मध्ये रायतूरला छापले गेले. लॅटिनमधल्या 'ग्रातिया'साठी ख्रिस्ती मराठीत रुळला तो 'कृपा' हा शब्द. कोकणी प्रार्थनेत त्याचाच 'कुर्पा' झाला. कौल मात्र तिथे चालणारा नव्हता. त्या धर्मशास्त्रात देवाची कृपा मागण्याआधीच मिळते आणि तिच्यावर कोणाचा हक्क नसतो. स्पॅनिशमधला 'ग्रासिया' हा शब्द 'ग्रातिया'च्याच कुळातला. ईश्वराची कृपा, राजाने गुन्हेगाराला केलेली माफी, नाचणारीच्या हालचालीतला डौल, बोलण्यातली गंमत, सगळे त्यात मावते, आणि आभार मानायचे तर त्याचेच अनेकवचन 'ग्रासियास'. गोव्याने मात्र ऐकली ती पोर्तुगीज भाषा. तिच्यात 'ग्रासा' असूनही आभार मानताना 'ओब्रिगादो', म्हणजे 'मी बांधील आहे', असे म्हणतात. आपला कौल या बांधिलकीच्या घरचा. म्हणून पाकळी उजवी पडली तरी गाऱ्हाणे संपत नाही. कबूल केलेला नारळ, कोंबडा किंवा ओटी वेळेवर पोचती करावी लागते, आणि राहून गेले तर घरातली म्हातारी माणसे वर्षानुवर्षे त्याची आठवण देतात.

मसुऱ्याच्या आंगणेवाडीत भराडी देवीच्या जत्रेचा दिवस पंचांगात सापडत नाही. दिवाळीनंतर देवीचा कौल घेऊन शिकारीला निघायचे आणि शिकार मिळाली की पुन्हा देवीला विचारून तारीख ठरवायची, हा तिथला क्रम. तोवर कोणाला घाई करता येत नाही, मंत्र्यांनाही नाही. तारीख जाहीर झाली की मुंबईतले चाकरमानी रजेचे अर्ज टाकतात आणि कोकण रेल्वेवर जत्रेच्या जादा गाड्या लागतात.