खिळ्यांनी दाखवलेली छावणी : किनाऱ्यावरच्या धातुशोधकाची गोष्ट

१/
जुलै १७१५. हवानाहून स्पेनकडे निघालेल्या खजिन्याच्या ताफ्याला फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्याजवळ चक्रीवादळाने गाठले. ११ स्पॅनिश जहाजे फुटली, शेकडो माणसे बुडाली. वाचलेल्यांनी वाळूच्या टेकड्यांमागे छावणी उभारली. स्पेनने पाणबुडे लावून बरीच चांदी परत मिळवली. पुढे ती छावणी वाळूखाली गेली आणि विस्मृतीतही.

२/
तिचा शोध लागला तो युद्धासाठी घडवलेल्या यंत्रामुळे. दुसऱ्या महायुद्धात योझेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्याने ब्रिटिश सैन्यासाठी हाती धरण्याजोगा सुरुंगशोधक तयार केला. १९४२ च्या एल अलामीनच्या लढाईत त्याने वाळवंटातील वाटा मोकळ्या केल्या. कोसात्स्कीचे कुटुंब जर्मनव्याप्त पोलंडमध्ये असल्याने त्याचे नाव मात्र गुप्त ठेवावे लागले.

३/
युद्ध संपले आणि अशी यंत्रे स्वस्तात विकली जाऊ लागली. फ्लोरिडातील किप वॅग्नरला वादळानंतर किनाऱ्यावर काळवंडलेली चांदीची नाणी सापडत. एकाही नाण्यावर १७१५ नंतरचे वर्ष नव्हते. त्याने सैन्याने विकलेला असाच एक धातुशोधक घेतला आणि पाण्याकडे पाठ करून टेकड्यांमागची जमीन धुंडाळली. यंत्र वाजले ते जहाजांच्या खिळ्यांवर आणि तोफगोळ्यांवर. हरवलेली छावणी सापडली होती.

४/
आज किनाऱ्यासाठी धातुशोधक निवडणाऱ्यापुढे पहिला प्रश्न असतो तो मिठाचा. यंत्रातील तारेचे वेटोळे चुंबकीय क्षेत्र निर्माण करते. त्यामुळे धातूत क्षीण वीजप्रवाह उमटतो आणि त्याची चाहूल यंत्राला लागते. परंतु खारे पाणीही वीजवाहक आहे. म्हणून एकाच वारंवारतेवर चालणारे साधे यंत्र कोरड्या वाळूत चोख काम करते, तर ओल्या वाळूत धातू नसतानाही वाजत राहते. संवेदनशीलता कमी केली तर खोलवरचे नाणे निसटते.

५/
यावर दोन उपाय आहेत. ‘पल्स इंडक्शन’ यंत्र विजेचा क्षणिक ठोका देते आणि किंचित थांबून कानोसा घेते. मिठाचा प्रतिसाद तोवर विरलेला असतो, धातूचा रेंगाळतो. मात्र लोखंड कोणते आणि सोने कोणते, हे त्याला नीट सांगता येत नाही. बहुवारंवारता यंत्र निरनिराळ्या वारंवारतांचे प्रतिसाद ताडून मिठाचा परिणाम वजा करते आणि धातूंतही फरक करते. साहजिकच ओल्या वाळूसाठी अनेकांची पसंती त्याला असते.

६/
याच सोयीत एक धोका दडलेला आहे. गंजके खिळे नकोत म्हणून बहुतेक शोधक लोखंडाचा आवाज बंद करून ठेवतात. वॅग्नरच्या जुन्या यंत्राला ही निवड ठाऊकच नव्हती. ती असती आणि त्याने वापरली असती, तर तो त्या छावणीवरून कदाचित तसाच चालत गेला असता.

७/
नाण्याची किंमत बाजार ठरवतो. त्याचा अर्थ मात्र ते कोठे, किती खोल आणि कशाच्या शेजारी पडले होते यावरून ठरतो. भारतात तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली १० रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. यंत्र कोणतेही निवडले, तरी ते केवळ ‘येथे काहीतरी आहे’ एवढेच सांगते. ते उपसायचे की जागच्या जागी नोंदवायचे, हा निर्णय माणसाचा असतो. १७१५ ची छावणी सोन्याने नव्हे, गंजलेल्या खिळ्यांनी दाखवली.