पाश्चात्त्य संस्कृतीची वाटचाल आणि हर्णेचा किनारा

ग्रीसमध्ये उगम, रोममध्ये विस्तार, मध्ययुगात अंधार आणि त्यानंतर प्रबोधनाची पहाट, असा पाश्चात्त्य संस्कृतीचा इतिहास शालेय पुस्तकांतून सरळ रेषेत मांडला जातो. दापोली तालुक्यातील हर्णे बंदरातून पाहिल्यास ही रेषा बरीच वाकडी दिसते.

इ.स.च्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या 'पेरिप्लस' या सागरी मार्गदर्शिकेत कल्याणच्या दक्षिणेकडील बंदरांची नावे येतात. त्यांतील मंदगोरा म्हणजे बाणकोट व पालैपत्मै म्हणजे दाभोळ, असे काही अभ्यासक मानतात. हर्णे या दोहोंच्या मध्ये आहे. इजिप्तमधून जुलैच्या सुमारास निघालेली जहाजे मोसमी वाऱ्यावर या बाजूस येत. त्यांतून द्राक्षमद्य, तांबे, पोवळे, काच व नाणी उतरत आणि कापड, मसाले परत जात. रोमन वैभवाचा काही भाग या व्यापारावर पोसला गेला होता.

ख्रिस्ती श्रद्धा आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणली, असा समज ख्रिस्ती व ख्रिस्तीतर दोघांतही आढळतो. आपल्याला 'परकीय' ठरवण्यासाठी त्याचाच वापर होतो, म्हणून पुढील नोंद लक्षात ठेवण्याजोगी आहे. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाचा व्यापारी कॉस्मास लिहितो, की 'कल्लियाना' येथे पर्शियात अभिषिक्त झालेले बिशप आहेत. हे स्थळ म्हणजे कल्याण, असे अनेक विद्वानांचे मत आहे. म्हणजे ही श्रद्धा येथे पोर्तुगीजांच्या आधी सुमारे हजार वर्षे, तीही पूर्वेकडील ख्रिस्तसभेमार्फत पोहोचली असावी.

मध्ययुगाला सरसकट 'अंधारयुग' म्हणणेही योग्य नाही. मठवासीयांनी लॅटिन ग्रंथ जपले, बोलोन्या व पॅरिस येथे विद्यापीठे उभी राहिली आणि बाराव्या शतकात टोलेडो येथे अरबी ग्रंथांची लॅटिन भाषांतरे झाली. भारतीय अंकपद्धतीही अरबांकडूनच युरोपात गेली. इ.स. १२०२ मध्ये फिबोनाचीने ती आपल्या ग्रंथात समजावून सांगितली. त्या अंकांवाचून पुढच्या युरोपीय व्यापाऱ्याचे खातेवहीतले पानही हलले नसते!

इ.स. १३२१ मध्ये ठाणे येथे चार फ्रान्सिस्कन रक्तसाक्षी झाले. त्यांतील तिघे इटलीचे, तर धर्मबंधू देमेत्रियुस जॉर्जियातील तिफ्लिसचे. ते उतरले होते, ते ठाण्यातील पौर्वात्य परंपरेच्या एका ख्रिस्ती कुटुंबात. फादर जॉर्डन यांनी त्यांचे देह सोपारा येथे पुरले.

त्यानंतर छपाई, होकायंत्र व तोफा यांनी युरोपचे रूप पालटले. कागद, होकायंत्र व दारूगोळा मूळ चीनचे होते. इ.स. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोहोचला आणि डिसेंबर १५०८ मध्ये फ्रान्सिस्को द आल्मेदाने, पुत्राच्या मृत्यूने संतप्त होऊन, हर्णेच्या दक्षिणेचे दाभोळ जाळले व तेथे भीषण कत्तल केली. या कृत्याचे समर्थन करण्याचे आपणांस काहीच कारण नाही. त्याच समुद्रमार्गाने इ.स. १५७९ मध्ये येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स गोव्यात आले. या इंग्रज धर्मगुरूंनी मराठी ओवी आत्मसात केली आणि त्यांचे 'क्रिस्तपुराण' इ.स. १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. एकाच संस्कृतीची ही दोन्ही अपत्ये आहेत, हे मान्य केल्याशिवाय तिचे मूल्यमापन प्रामाणिक होत नाही.

हर्णेसमोरचा सुवर्णदुर्ग हे कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे प्रमुख ठाणे होते. एप्रिल १७५५ मध्ये कमोडोर विल्यम जेम्स याने पेशव्यांच्या सहकार्याने तो तुळाजी आंग्रे यांच्याकडून जिंकला. एका मराठी सत्तेच्या मदतीने दुसरीचा पराभव झाला, हे येथे नमूद करणे भाग आहे. जेम्सच्या निधनानंतर त्याच्या पत्नीने इ.स. १७८४ मध्ये लंडनजवळील शूटर्स हिल येथे स्मारक म्हणून त्रिकोणी मनोरा बांधला. त्याची घडण मध्ययुगीन गॉथिक वळणाची असून नाव मात्र आपल्या दुर्गाचे, इंग्रजी उच्चारात 'सेव्हर्नड्रूग' असे आहे. डागडुजीनंतर इ.स. २०१४ मध्ये तो लोकांसाठी पुन्हा खुला झाला.