सरकारचा जन्म लोकसभेत
संसदेला दोन सभागृहे असली तरी सरकारला जीवदान देण्याचा आणि ते काढून घेण्याचा अधिकार एकाच सभागृहाचा आहे. घटनेच्या कलम ७५ नुसार मंत्रिमंडळ सामूहिकरीत्या केवळ लोकसभेला जबाबदार असते. सप्टेंबर १९७० मध्ये संस्थानिकांचे तनखे रद्द करणारे विधेयक लोकसभेत मंजूर होऊनही राज्यसभेत दोन तृतीयांश बहुमताअभावी अगदी थोडक्यात पडले. इंदिरा गांधींच्या सरकारला त्यासाठी राजीनामा द्यावा लागला नाही. १७ एप्रिल १९९९ रोजी मात्र लोकसभेत एका मताने हरताच वाजपेयी सरकार गेले.

यावर एक आक्षेप रास्त वाटतो: मग राज्यसभेचे सदस्य असलेले मनमोहन सिंग दहा वर्षे पंतप्रधान कसे राहिले? ब्रिटनमध्ये १९६३ साली पंतप्रधान झालेल्या लॉर्ड ह्यूम यांनी उमरावपद सोडून कॉमन्सची निवडणूक लढवली. आपल्याकडे तसा संकेत रुजला नाही. परंतु नेता वरच्या सभागृहातला असला, तरी त्याच्यामागचे बहुमत लोकसभेचेच लागते. वरच्या सभागृहामुळे सरकार पडण्याचा धोका ऑस्ट्रेलियाने १९७५ मध्ये अनुभवला. तिथे सिनेटने अर्थसंकल्पी विधेयके रोखली आणि कनिष्ठ सभागृहात बहुमत असलेले व्हिटलम सरकार गव्हर्नर-जनरलने बडतर्फ केले. आपल्या घटनेने राज्यसभेला धन विधेयकासाठी फक्त १४ दिवस दिले आहेत. वरच्या सभागृहाने कायदे तपासावेत, अडवावेतही. सरकार पाडण्याचा हक्क मात्र मतदारांनी थेट निवडलेल्यांकडेच राहिला पाहिजे.