गणेशखिंड उद्यान (पुणे)

गणेशखिंड उद्यान हे पुणे शहरातील एक जुने वनस्पती उद्यान व फळसंशोधनाचे क्षेत्र आहे. त्याची स्थापना इ.स. १८७३ मध्ये मुंबई इलाख्याच्या सरकारने केली. सध्या ते राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत असून तेथे प्रादेशिक फळ संशोधन केंद्र चालते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा परिसर आणि खडकी यांच्या लगत असलेल्या या उद्यानाचे क्षेत्र ३३.०१ हेक्टर, म्हणजे सुमारे ८१ एकर आहे. महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये ते जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केले.

स्थापनेच्या वेळी हे उद्यान गावाबाहेर, छावणीच्या वाटेवर होते. आज त्याच्या चारही बाजूंना शहर पसरले आहे. सहलीसाठी आखलेल्या बागेत असतात तशी कारंजी, खेळणी किंवा फुलांचे ताटवे येथे अपेक्षू नयेत. येथील मुख्य धन म्हणजे जुने वृक्ष, त्यांतही कलमांसाठी राखलेले मातृवृक्ष.

नाव आणि स्थान

गणेशखिंड हे नाव येथील टेकड्यांमधील खिंड आणि तिच्याजवळचा गणपती यांवरून पडले. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी झालेल्या खडकीच्या लढाईत बापू गोखले यांच्या नेतृत्वाखालील मराठी फौज याच बाजूने खडकीकडे उतरली. त्या दिवशी दापोडीच्या तळावरून आपली पलटण घेऊन इंग्रजांना येऊन मिळालेला कॅप्टन फोर्ड याचे नाव उद्यानाच्या पूर्वेतिहासातही पुन्हा येते. पुढे येथे गव्हर्नरचे पावसाळी निवासस्थान झाले आणि शहरातून तिकडे जाणारा रस्ता गणेशखिंड रस्ता म्हणून ओळखला जाऊ लागला. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली ती याच रस्त्यावर.

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. येथील पाऊस वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास असतो आणि तो बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उरलेले आठ महिने कोरडे जातात. अशा हवेत कोकणातील किंवा परदेशांतील दमट प्रदेशांतील झाडे जगवायची तर पाण्याची सोय आणि सततची निगा लागते. हे लक्षात घेतले म्हणजे दीडशे वर्षे टिकलेल्या या लागवडीमागचे श्रम कळतात.

पूर्वपीठिका : दापोडीची बाग

गणेशखिंड उद्यानाची मुळे दापोडी येथील सरकारी वनस्पती बागेत आहेत. (रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली हे गाव वेगळे. दोन्ही नावांचा घोटाळा वारंवार होतो.) मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने १८२८ मध्ये पवनेकाठी, पुण्याच्या वायव्येस, कॅप्टन फोर्डचा बंगला व त्याभोवतीची जमीन सरकारसाठी घेतली आणि तेथे बाग सुरू केली. इंग्रजी कागदपत्रांत तिचा उल्लेख ‘दापुरी’ असा येतो.

अशा बागांचा हेतू निव्वळ शोभेचा नव्हता. लष्करी व सरकारी दवाखान्यांना लागणाऱ्या औषधी वनस्पती विलायतेहून मागवण्याऐवजी येथेच पिकवता येतील काय, परमुलखातील पिके दख्खनच्या मातीत रुजतील काय, महसूल देणारे नवे झाड सापडेल काय, हे प्रश्न त्यांच्यामागे होते. कंपनी सरकारचा हिशेबी स्वभाव या बागांतही दिसतो. तरीही त्या हिशेबातूनच पश्चिम भारतातील शास्त्रीय वनस्पती अभ्यासाला सुरुवात झाली, हेही नाकारता येत नाही.

१८३८ पासून बागेची व्यवस्था डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांच्याकडे होती. १८४७ मध्ये ते मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले. जंगलतोडीमुळे ओढे आटतात व जमीन उघडी पडते, असे ते सरकारला लिहून कळवीत असत. त्यांनी निकोलस डाल्झेल यांच्याबरोबर लिहिलेला ‘द बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ १८६१ मध्ये प्रसिद्ध झाला. गिब्सन यांनी १८४७ ते १८५० या काळात बागेतील वनस्पतींची चित्रे एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून काढून घेतली. ती आज स्कॉटलंडमध्ये, एडिंबरा येथील रॉयल बोटॅनिक गार्डनच्या संग्रहात आहेत. हेन्री नोल्टी यांनी २००२ मध्ये त्यांवर सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केला. चित्रांवर चित्रकाराचे नाव नाही. बाग लावणाऱ्या अधिकाऱ्यांची नावे नोंदली गेली आणि हात राबवणाऱ्यांची राहिली नाहीत, ही त्या काळच्या बहुतेक बागांची गोष्ट आहे. येथील माळ्यांच्या बाबतीतही तसेच घडले.

गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत, १८६० च्या दशकात, गणेशखिंड येथे नव्या राजभवनाचे बांधकाम सुरू झाले आणि दापोडीची मालमत्ता सरकारने विकून टाकली. जुन्नर परिसरातील डोंगरकड्यांवर आढळणाऱ्या शिंदळमाकडी या दुर्मीळ वनस्पतीला डाल्झेल यांनी १८६५ मध्ये ‘फ्रेरिया इंडिका’ असे शास्त्रीय नाव दिले, ते याच फ्रिअर यांच्यावरून. राजभवनाची ती इमारत आज पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे.

वुड्रो यांचा काळ

१८७३ मध्ये गणेशखिंड येथे उद्यान उभे राहिले तेव्हा जॉर्ज मार्शल वुड्रो हे त्याचे अधीक्षक होते. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये ते वनस्पतिशास्त्रही शिकवीत. त्यामुळे उद्यान आणि महाविद्यालय यांचा संबंध आरंभापासून जुळला. झाडे लावणे, वाढवणे, कलमे बांधणे आणि विद्यार्थ्यांना शिकवणे ही कामे येथे एकत्रच चालत.

वुड्रो यांनी हिंदुस्थानातील बागकामावर लिहिलेल्या पुस्तकाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. पश्चिम भारतातील वनस्पतींची त्यांनी केलेली यादी ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’च्या नियतकालिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. त्यांनी गोळा केलेले नमुने थिओडोर कुक यांना ‘फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’ (१९०१ ते १९०८) या ग्रंथासाठी उपयोगी पडले. कुक हे त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य होते. महाराष्ट्रातील वनस्पती ओळखण्यासाठी हा ग्रंथ अजूनही उघडावा लागतो. महाबळेश्वरच्या पठारावरील ‘क्रिनम वुड्रोवी’ या कंदवर्गीय वनस्पतीच्या नावात वुड्रो यांची आठवण राहिली आहे.

आंबा हा त्यांचा विशेष आवडीचा विषय होता. आंब्याची लागवड व जाती यांवरील त्यांचे छोटे पुस्तक १९०४ मध्ये निघाले. पुढे डब्ल्यू. बर्न्स आणि एस. एच. प्रयाग यांनी १९२१ च्या सुमारास ‘द बुक ऑफ द मँगो’ हे अधिक विस्तृत पुस्तक सिद्ध केले. पश्चिम भारतातील आंब्यांचा शास्त्रीय अभ्यास करणाऱ्याला ही दोन्ही पुस्तके टाळता येत नाहीत.

मातृवृक्षांचे महत्त्व

बहुतेक भारतीय आंब्यांच्या कोयीत एकच गर्भ असतो आणि तो परपरागणातून तयार होतो. त्यामुळे हापूसची कोय लावली तर उगवणारे झाड हापूसचे असत नाही. फळ कसे निघेल हे आठ-दहा वर्षांनी कळते, आणि ते बहुधा रायवळच निघते. एखादी जात जशीच्या तशी टिकवायची तर तिच्या फांदीचे कलम दुसऱ्या खुंटावर बांधावे लागते. म्हणजे आज अस्तित्वात असलेले प्रत्येक हापूसचे झाड हे कोणा एका मूळ झाडाच्या फांदीची फांदी आहे.

ज्या झाडावरून कलमासाठी काडी घेतात त्याला मातृवृक्ष म्हणतात. त्याची जात खात्रीची हवी, फळधारणा नियमित हवी आणि झाड निरोगी हवे. कितीतरी वर्षे फळे पाहिल्याशिवाय ही खात्री होत नाही. म्हणून फळसंशोधन केंद्रातील जुने झाड आणि रस्त्याकडेचे तेवढ्याच वयाचे झाड यांची किंमत सारखी नसते. रस्त्याकडेचे झाड गेल्यास सावली जाते. मातृवृक्ष गेला आणि त्याची कलमे अन्यत्र नसली, तर ती जातच संपते. तिचे बी कोठे साठवून ठेवता येत नाही, कारण बियांतून ती उतरतच नाही. एका झाडाच्या बदल्यात दहा रोपे लावण्याचा जो हिशेब शहरांमध्ये मांडला जातो, तो येथे लागू पडत नाही.

कलमाच्या पद्धती फळागणिक बदलतात. आंब्यासाठी पूर्वी भेटकलम करीत. त्यात कुंडीतील रोप मातृवृक्षाच्या फांदीजवळ नेऊन, मचाण बांधून, दोन्हींचे छेद जुळवून बांधावे लागत. आता कोयकलम व मृदुकाष्ठ कलम यांनी ते कष्ट कमी केले आहेत. चिकूचे कलम खिरणीच्या म्हणजे रायणीच्या खुंटावर बांधतात. पेरूसाठी दाबकलम व गुटीकलम वापरतात, लिंबूवर्गीय फळांत डोळा भरतात. ही कामे पाहून शिकण्याची आहेत. पुस्तकात छेदाचा कोन सापडतो, पण सुतळी किती आवळावी हे माळ्याच्या हाताकडे पाहूनच कळते.

सरदार पेरू

जुन्या कृषी प्रकाशनांत या जागेचा उल्लेख ‘गणेशखिंड फळ प्रयोग केंद्र, किरकी’ असा आढळतो. मुंबई सरकारचे उद्यानतज्ज्ञ डॉ. जी. एस. चीमा यांनी येथे केलेल्या कामाचे सर्वांत दूर पोहोचलेले फळ म्हणजे ‘लखनौ ४९’ हा पेरू. उत्तर हिंदुस्थानातील पेरूच्या रोपांमधून त्यांनी १९२७ मध्ये ही निवड केली. झाड ठेंगणे व पसरट, फळ मोठे, गर पांढरा व गोड. पुढे ही जात ‘सरदार’ या नावाने देशभर पसरली. नावात लखनौ असले तरी तिचा जन्म पुण्याचा आहे, हे पेरू विकणाऱ्यांनाही सहसा माहीत नसते. ‘पंढरी साहेबी’ या द्राक्षाच्या रोपांमधून निवडलेली ‘चीमा साहेबी’ ही जातही चीमा यांच्याच नावाने ओळखली जाते. बिनबियांच्या द्राक्षांपुढे ती मागे पडली.

वारसा स्थळाचा दर्जा

जैवविविधता अधिनियम, २००२ च्या कलम ३७ अन्वये राज्य शासनाला स्थानिक संस्थांशी विचारविनिमय करून जैवविविधतेच्या दृष्टीने महत्त्वाचे क्षेत्र वारसा स्थळ म्हणून अधिसूचित करता येते. महाराष्ट्रात असा दर्जा प्रथम गडचिरोली जिल्ह्यातील आलापल्लीच्या वनाला २०१४ मध्ये मिळाला. बहुतेक वारसा स्थळे वनांत, देवरायांत किंवा पाणथळ जागी आहेत. माणसाने लावलेल्या आणि शहराने वेढलेल्या बागेला हा मान मिळणे विरळा.

हा दर्जा म्हणजे अभयारण्य नव्हे. कलमात व्यवस्थापनाचे नियम करण्याची आणि बाधित लोकांना भरपाई देण्याची तरतूद आहे. प्रत्यक्ष संरक्षण नियम किती काटेकोर होतात यावर अवलंबून राहते. परिसरावर ताण तर आहेच. १९४९ मध्ये विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा हा शहराचा कडेचा भाग होता. आता औंध, बाणेर व हिंजवडीकडे जाणारी सगळी वाहतूक येथून होते. विद्यापीठ चौकातील उड्डाणपूल २०२० मध्ये पाडून त्या जागी मेट्रोसह दुमजली पुलाचे काम हाती घेण्यात आले. गणेशखिंड रस्त्याच्या रुंदीकरणातील वृक्षतोडीविरुद्ध नागरिकांनी न्यायालयात धाव घेतली होती. तो वाद रस्त्यावरील झाडांचा होता. परंतु शहराच्या मध्यावर आलेली ८१ एकर जमीन नियोजकांच्या नजरेत कायम भरत राहणार, हे सांगायला वेगळा पुरावा नको.

उद्यानाला भेट

हे संशोधनाचे क्षेत्र असल्याने शाळा-महाविद्यालयांच्या गटांनी केंद्राच्या कार्यालयाशी आधी संपर्क साधणे सोयीचे ठरते. पुणेकरांचा येथे मुख्यतः येतो तो संबंध रोपवाटिकेचा. मृगाचा पाऊस पडला की आंबा, चिकू, पेरू, लिंबू यांची कलमे नेण्यासाठी लोक येतात. कलम घेताना जोड कोठे आहे हे पाहावे आणि लागवड करताना तो जमिनीच्या वर ठेवावा. जोडाखाली खुंटाला फुटलेली पालवी वेळोवेळी काढून टाकली नाही तर कलम मरते, खुंट वाढतो, आणि काही वर्षांनी दोष रोपवाटिकेला दिला जातो.

वनस्पतींच्या अभ्यासासाठी वर्षातून निदान दोनदा जावे. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात आंब्याला मोहर असतो व त्यावरील मधमाश्या, माश्या व इतर परागवाहक कीटक पाहता येतात. पेरूचे मृग, हस्त व आंबे असे तीन बहर असतात. जून-जुलैत फुललेल्या मृग बहराची फळे हिवाळ्यात तयार होतात आणि ती चवीला सर्वांत चांगली मानतात. पुण्यात एक बहर धरण्यासाठी झाडाला पाणी तोडून ताण कसा देतात, हे विद्यार्थ्यांनी मुद्दाम विचारून घ्यावे. झाडे ओळखण्यासाठी कुक यांचा ग्रंथ सोबत बाळगणे कठीण आहे. प्रा. श्री. द. महाजन यांचे ‘देशी वृक्ष’ हे पुस्तक मराठी वाचकाला पुरेसे आहे.

शहरातील इतर वनस्पती उद्याने

पुण्यात वनस्पती उद्यान म्हटले की बहुतेकांना रेसकोर्सजवळचे एम्प्रेस गार्डन आठवते. ते ‘ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ या संस्थेकडे असून जानेवारीतील पुष्पप्रदर्शनासाठी प्रसिद्ध आहे. कुटुंबासह दिवस घालवायचा असेल तर तेच योग्य. पुणे विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाचे उद्यान गणेशखिंड उद्यानापासून जवळ असले तरी ते स्वतंत्र आहे. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम क्षेत्रीय केंद्र १९५५ पासून पुण्यात आहे आणि त्याचे प्रायोगिक उद्यान मुंढवा येथे आहे.