विम्बल्डन जिंकूनही चषक घरी का नेता येत नाही? जाणून घ्या टेनिसमधल्या चषकांचा इतिहास

विम्बल्डनची फायनल संपली की विजेता सोनेरी चषक उंच धरून मैदानात फिरतो. तो फोटो आपल्या मोबाईलवरही येतो. पण खरा चषक त्याच्या घरी जात नाही, तो क्लबच्याच मालकीचा राहतो. शाळांच्या क्रीडास्पर्धेत फिरती ढाल असते, तसाच काहीसा हा प्रकार. हा नियम आला कुठून?

एकाच खेळाडूने नेले दोन चषक

लंडनमध्ये १८७७ साली विम्बल्डन सुरू झाली. सलग तीन वर्षं जिंकणाऱ्याला चषक कायमचा मिळेल, असा तेव्हा नियम होता. विल्यम रेनशॉ याने १८८१ ते १८८३ असा सलग विजय मिळवला आणि पहिला चषक घरी नेला. क्लबने दुसरा आणला. पठ्ठ्याने १८८४ ते १८८६ पुन्हा सलग जिंकून तोही नेला!

मग १८८७ मध्ये क्लबने सुमारे १०० गिनी खर्चून तिसरा चषक घेतला आणि ठरवलं, हा आता कोणाच्याच मालकीचा होणार नाही. तोच चषक आजही दिला जातो. तो चांदीचा आहे, वर सोन्याचा मुलामा. उंची १८ इंच आणि टोकावर छोटासा अननस. त्यावर विजेत्यांची नावं कोरतात. २००९ मध्ये जागा संपली, म्हणून खाली काळी बैठक जोडली. विजेत्याला घरी न्यायला मिळते ती लहान आकाराची प्रतिकृती, आणि बक्षिसाची रक्कम वेगळी.

महिलांना थाळी

महिला विजेतीला चषक नाही, चांदीची थाळी मिळते. नाव ‘व्हीनस रोझवॉटर डिश’, म्हणजे गुलाबपाण्याची थाळी. ती १८६४ साली बर्मिंगहॅममध्ये बनली आणि १८८६ पासून विम्बल्डनमध्ये दिली जाते. गंमत म्हणजे नाव व्हीनसचं असलं, तरी मधोमध कोरलेली आकृती संयमाच्या देवतेची आहे.

चषकांमागची माणसं

ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये महिलांचा चषक डॅफ्ने अकहर्स्ट हिच्या नावाने आहे. ही स्पर्धा तिने पाच वेळा जिंकली आणि १९३३ मध्ये, अवघ्या २९ व्या वर्षी ती वारली. पुढच्याच वर्षापासून तिच्या स्मरणार्थ हा चषक सुरू झाला. फ्रेंच ओपनमध्ये पुरुषांचा चषक बोरोत्रा, ब्रुन्यों, कोशे आणि लाकोस्त या चार फ्रेंच खेळाडूंच्या, तर महिलांचा सुझान लेंग्लेन हिच्या नावाने आहे.

भारताने सोडलेला चषक

देशादेशांच्या संघांमध्ये खेळला जाणारा डेव्हिस कप १९०० साली सुरू झाला. ड्वाइट डेव्हिस या अमेरिकी तरुणाने त्यासाठी चांदीचं मोठं पात्र दिलं. भारत १९६६, १९७४ आणि १९८७ असा तीनदा फायनलपर्यंत पोहोचला.

१९७४ मध्ये आपल्या संघाने पुण्यात सोव्हिएत संघाला हरवून फायनल गाठली. समोर होता दक्षिण आफ्रिका. तिथल्या सरकारच्या वर्णभेदाचा निषेध म्हणून भारताने खेळायला नकार दिला आणि दक्षिण आफ्रिकेला न खेळताच विजेता ठरवण्यात आलं. डेव्हिस कप भारताला अजून जिंकता आलेला नाही. पण हातातोंडाशी आलेला चषक तत्त्वासाठी सोडला, ही नोंदही टेनिसच्या इतिहासात कायमची आहे.