हातउसने आणि कर्जरोखे



आमच्या खडवलीत काय किंवा तुमच्याकडे काय, हातउसने पैसे देणे-घेणे चालतेच. “घरातलीच तर आहे, लिहायचं कशाला?” असे आपण म्हणतो. म्हणून ही जुनी हकिकत.

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातील सुपे गावी बाजाराच्या दिवशी शेतकरी सावकारांवर उठले. सावकारांत गुजर-मारवाडी पुष्कळ. लोकांचा मुख्य रोख होता कर्जरोख्यांवर आणि वह्यांवर. हाती लागले ते त्यांनी जाळले. ज्या कागदावर निशाणी केली, तो अनेकांना वाचताच येत नव्हता. पुढे १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने रोख्यांची गावात नोंदणी, फेडीची पावती आणि हिशेब मागण्याचा हक्क दिला.

आपल्या तत्त्वार्थसूत्रात हे भान कितीतरी आधीचे आहे. सत्याणुव्रताच्या अतिचारांत मिथ्योपदेश म्हणजे खोटा उपदेश, कूटलेखक्रिया म्हणजे खोटा लेख, आणि न्यासापहार. ठेवणारी रक्कम विसरून कमी मागते, आणि आपण “हो, तेवढेच होते” म्हणतो, तो न्यासापहार.

म्हणून नणंदेला पैसे दिले तरी रक्कम, तारीख, फेडीची मुदत दोन कागदांवर लिहा. तिला वाचून दाखवा, एक प्रत तिला द्या. परत आलेला प्रत्येक हप्ता दोन्हीकडे मांडा. “पैसे कुठे गुंतवू?” असे तिने विचारले आणि आपल्याला नक्की ठाऊक नसेल, तर तसे स्पष्ट सांगा. लिहिल्याने नाते तुटत नाही. आठवणींची भांडणे तेवढी टळतात.